अळणी नमुना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. नवरा म्हणतो, "अगं, समोरच्या माणसाने फक्त लिफ्ट कुठेय विचारलं होतं." सांगू दे. बाबा शटरिंगचे सुतार, आई चौथी पास, आणि मी एमएस्सी केमिस्ट्री, तीही फर्स्ट क्लास. बाबांनी इथल्या, दुबईच्या उन्हात पंचवीस वर्षं फळ्या ठोकल्या तेव्हा चिपळूणच्या कॉलेजात माझी फी भरली गेली. मी मिरवणारच.

गेली आठ वर्षं मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका खाजगी लॅबमध्ये आहे. सगळे डीआयपीच म्हणतात. जहाजाने जे खाण्याचं येतं, दुधाची पावडर, मासे, चहा, मसाले, त्यात किरणोत्सर्ग आहे का, हे आम्ही बघतो. बहुतेक वेळा काही नसतं. "काही नाही" हे खात्रीने लिहायला किती कष्ट पडतात ते मला मॅडमनी शिकवलं.

मॅडम म्हणजे आमच्या सीनियर. वय त्रेसष्ट, उंची पाच फुटाला थोडी कमी, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी, गाळ आणि मासे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर मुलाकडे शारजाला आल्या, दोन महिन्यांत घरात कंटाळल्या आणि आमच्या लॅबमध्ये लागल्या. त्याही अल नहदाला, मीही अल नहदाला, दोन बिल्डिंग सोडून. त्यामुळे तीन वर्षं आम्ही माझ्या गाडीतून एकत्र गेलो. सकाळी सव्वासहाला निघायचं, ट्रॅफिक बरा असेल तर तास, नसेल तर दीड तास. माझं खरं शिक्षण त्या गाडीत झालं. एमएस्सीला शिकवलं ते परीक्षेपुरतं होतं.

मॅडमच्या दोन सवयी लॅबमध्ये प्रसिद्ध होत्या. एक, रिपोर्टवर सही होईपर्यंत नमुन्याची बाटली धुवायची नाही, मग ती रिकामी का असेना. दुसरी सवय म्हणजे अळणी.

अळणी काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम नमुन्यात असलं तरी इतकं कमी असतं की डोळ्याला दिसत नाही, तराजूला कळत नाही. दहा पायऱ्यांतून ते वेगळं काढताना वाटेत थोडं सांडणार, थोडं काचेला चिकटणार. किती वाया गेलं, कसं कळणार? म्हणून सुरुवातीलाच साधं, निरुपद्रवी स्ट्रॉन्शियम मोजून घालायचं. समजा वीस मिलिग्रॅम. दोघं जुळे भाऊ, एक जिथे सांडेल तिथे दुसराही त्याच प्रमाणात सांडणार. शेवटी साध्याचं वजन करायचं. विसातलं पंधरा परत आलं तर किरणोत्सर्गीसुद्धा तीन चतुर्थांशच हाती आलंय. मग त्या हिशेबाने आकडा वाढवून घ्यायचा. याला आम्ही रिकव्हरी म्हणतो.

मॅडम प्रत्येक बॅचमध्ये नमुन्याचा एक वाटा असा ठेवायच्या की ज्यात हे वीस मिलिग्रॅम घालायचंच नाही. बाकी सगळं तसंच करायचं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "मॅडम, ह्यात काही घातलंच नाही तर येणार काय शेवटी?"

"भाजीत मीठ घालण्याआधी चाखतेस का गं?"

"नाही."

"मग शेवटी जी चव आली ती सगळी तू घातलेल्या मिठाची, हे कशावरून म्हणतेस?"

तेव्हापासून त्या वाट्याचं नाव अळणी. आमचा मॅनेजर केरळचा, तराजूवर बसणारी मुलगी मनिलाची, पण दोघंही "अलनी डन?" असंच विचारायचे. मॅनुअलमध्ये त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते कुणी वापरत नसे.

आता माझी चूक. दुधाच्या पावडरीत, चहात, माशात अळणी नेहमी जवळपास शून्य यायचा. दोन वर्षं मी शून्य लिहिलं. मग हळूहळू सोडून दिलं. मॅडमना ते दिसत होतं. एकदा म्हणाल्या, "आज अळणी नाही केलास?" मी म्हटलं, "शून्यच येतो हो मॅडम." त्या आपल्या वहीकडे वळल्या. मला वाटलं, पटलं.

मागच्या वर्षी मॅडमच्या मुलाची पुण्याला बदली झाली आणि त्यांचंही त्याच्याबरोबर जायचं ठरलं. स्ट्रॉन्शियमच्या रिपोर्टवर सही करायचा अधिकार लॅबमध्ये त्यांना एकटीला होता. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"देखो मॅडम, रूल सिंपल है. बाहर से ब्लाइंड सॅम्पल आएगा, आन्सर सिर्फ उन के पास. आप अकेला करेगा, पास होगा, तो साइन आपका. नहीं तो स्ट्रॉन्शियम सेक्शन खलास. आप को वॉटर में डाल देगा, पीएच, टीडीएस."

पीएच म्हणजे बाटलीत काडी बुडवायची आणि आकडा लिहायचा. त्यात वाईट काही नाही, पण मी तीन वर्षं जे शिकले ते त्या काडीसाठी नव्हे. मी म्हटलं, "पास होगा."

नमुना आला तो तपकिरी काचेच्या बाटलीत, सहा ग्रॅमच्या जरा वर, पिठासारखा बारीक, किंचित राखाडी पांढरा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, प्रवाळ बेटाच्या आतल्या खाऱ्या तळ्यातला गाळ; त्या तळ्यात पूर्वी पाण्याखाली अणुचाचणी झालेली आहे. म्हणजे हा कुणी लॅबमध्ये मिसळून बनवलेला नमुना नव्हता. खरोखरच्या बॉम्बचं जे पाण्यात उरलं, ते माझ्या टेबलावर होतं. मी हातमोजे घातलेले असूनही हात पुसला.

त्या संध्याकाळी गाडीत मॅडम बोलत राहिल्या, शारजाच्या बॉर्डरपर्यंत. जमिनीवर बॉम्ब फुटला की माती वितळते आणि तिचे काचेसारखे मणी होतात. त्यात सगळं अडकून बसतं, अ‍ॅसिडलाही दाद देत नाही. पाण्याखाली वेगळं. पाणीच उचललं जातं, डोंगराएवढा खांब होऊन, आणि त्याच्याबरोबर तळाचा प्रवाळाचा चिखल. मग ते सगळं खाली येतं, मीठ, चुना, पाणी, धुकं बनून. जहाजांना चिकटतं, दोरांना चिकटतं, धुतलं तरी जात नाही.

"ज्यांनी पहिल्यांदा ते नमुने घेतले ना," मॅडम म्हणाल्या, "त्यांच्याकडे आपल्यासारखे किरण मोजणारे काउंटर नव्हते. बादल्या आणि चाळण्या. कशात काय जातं हेच ठाऊक नव्हतं. एकेक गोष्ट अंधारात हात घालून शोधली त्यांनी. मी कॉलेजातून नुकती आले तेव्हा त्यांच्या जुन्या रिपोर्टांच्या धुरकट झेरॉक्स वाचायचे आणि वाटायचं, हे माझ्याकडून व्हायचं नाही."

"आणि त्या बेटावरची माणसं?"

"दुसरीकडे नेली. नारळाची झाडं तिथेच." मग म्हणाल्या, "म्हणून कमी लिहायचं नाही कधी. जास्त लिहिलंस तर कुणीतरी परत तपासेल. कमी लिहिलंस तर कुणी तपासत नाही. लोक परत राहायला जातात."

मग त्यांनी खिडकीची काच वर केली. "हे शेवटचं. उद्यापासून रिपोर्ट जाईपर्यंत गाडीत फक्त भाजीपाला. नियम म्हणजे नियम."

आणि खरंच तसंच केलं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून करामाच्या बाजारात चांगली अळूची पानं कुठे मिळतात, कोणत्या दुकानातले पोहे जाड निघतात. मी मधेच काही काढलं की म्हणायच्या, "ताक कसं लावतेस तू?"

मी सहा ग्रॅमचे तीन वाटे केले, दोन-दोन ग्रॅमचे. चौथा अळणीसाठी ठेवता आला असता, प्रत्येक वाटा दीड ग्रॅमचा करून. मी विचार केला आणि नाही ठेवला. इतका मोलाचा नमुना, त्यातलं अळणीवर कशाला घालवायचं, शून्यच तर येतो. जेवढं जास्त घेऊ तेवढा आकडा पक्का. तो निर्णय माझा होता, वहीत माझ्याच अक्षरात आहे.

अ‍ॅसिड घातल्याबरोबर तो गाळ फसफसून वर आला, लिंबू पिळलेल्या सोड्यासारखा. दोन मिनिटांत सगळा विरघळला, तळाशी चिमूटभर गढूळ राहिलं. मला मजा वाटली. दुधाच्या राखेशी तासन् तास झुंजावं लागतं आणि हा बघा कसा शहाणा. पुढच्या पायऱ्या सहा दिवस चालल्या. धूर सोडणारं नायट्रिक अ‍ॅसिड, बर्फात गार करणं, गाळणं, परत विरघळवणं, परत गाळणं. शेवटी पांढरी पूड राहिली, ती वाळवून तराजूवर ठेवली.

पहिल्या वाट्याची रिकव्हरी शहाण्णव टक्के. दुसऱ्याची सत्त्याण्णव.

एरवी माझी पंचाहत्तर येते. ऐंशी आली तर मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना करक चहा पाजते. सत्त्याण्णव म्हणजे जवळजवळ काहीच सांडलं नाही. मी मनात म्हटलं, बघ, एवढ्या वर्षांचा हात आहे हा.

तिसऱ्याची आली एकशे तीन.

घातलं त्यापेक्षा जास्त परत येऊ शकत नाही. पूड ओली राहिली असेल म्हणून परत वाळवली. एकशे तीन. तराजू तपासला, बरोबर. प्रत्येक वजनाला साक्षीदाराची सही लागते, आणि त्या दिवशी मनिलाची मुलगी रजेवर, म्हणून मॅडम आल्या. तराजूचा आकडा वाचला, वहीतला वाचला. मागची दोन पानं उलटून तीही पाहिली. मग सही केली आणि म्हणाल्या, "आकडा बरोबर लिहिलायस." इतकंच. पण जाताना दारात क्षणभर थांबल्या आणि हात पाठीमागे बांधले. त्या कधी हात पाठीमागे बांधत नाहीत.

पुढे पंधरा दिवस काहीच करायचं नव्हतं. किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम स्वतः नीट मोजता येत नाही. त्याच्या पोटी इट्रियम नावाचं अपत्य जन्मतं, ते जोरदार असतं, ते मोजायचं. पण ते पुरतं वाढायला दोन आठवडे लागतात. बाटल्यांवर तारीख लिहून कपाटात ठेवायच्या आणि गप्प बसायचं. मॅडम म्हणायच्या की या कामात घाईने फक्त काच फुटते.

मी गप्प बसले, पण ते एकशे तीन गप्प बसेना. सोपा मार्ग समोर होता. तिसरा वाटा बिघडला असं लिहायचं, तो सोडून द्यायचा, दोघांची सरासरी पाठवायची. नियमात बसतं तेही, कारण दाखवलं तर. मॅनेजरने तर विचारलंसुद्धा, "थर्ड वाला निकाल दो ना?" कारण मात्र माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी बाबांना डबा द्यायला गेले. बाबा डीआयपीतच असतात, माझ्या लॅबपासून गाडीने सात मिनिटांवर त्यांचा लेबर कॅम्प. गुडघे गेल्यापासून शटरिंग सुटलं, आता ते तयार भिंती आणि स्लॅब बनवणाऱ्या एका कारखान्याच्या यार्डात आहेत. आमच्याकडे राहायला या म्हटलं की म्हणतात, "तुझ्या तिकडनं येण्यात माझी ड्युटी संपेल." त्या रविवारी त्यांची सकाळपाळी होती, म्हणून डबा यार्डातच नेला. गेटवरच्या पठाणाने मला ओळखलं, "चाचा की बेटी? यल्ला, हेल्मेट पहनो." आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी बाबांचं काम बघितलं. लाज वाटते लिहायला. माझं काम त्यांना सांगायची मला नेहमी घाई. त्यांचं विचारायचं कधी सुचलंच नाही.

पोर्टाकेबिनच्या सावलीत गॅसची शेगडी, तिच्यावर मोठा लोखंडी तवा, आणि बाबा त्यात वाळू भाजत होते.

"हे काय, बाबा?"

"दिसत नाय? रवा भाजतोय." मग हसले. "पाणी बघतोय बाय, वाळूतलं."

"म्हणजे?"

"ही धुतलेली वाळू. धुतली की पाणी धरणारच. किलोभर तोलायची, भाजायची, परत तोलायची. कमी भरली तेवढं तिचं पाणी. ते वर सांगायचं, मग मिक्सरवाला तेवढं पाणी कमी घालतो. रोज सकाळी. गाडी बदलली की परत."

"आणि नाही बघितलं तर? थोडंसंच असेल ना?"

"थोडं कसलं! आम्ही घातलं तेवढंच पाणी आहे असं धरून चालत नाय. वाळूनं तिचं आणलेलं असतंय." उलथनं तव्यावर आपटून त्यांनी वाळू झटकली. "आणि गंमत सांगू? पाणी जास्त झालं ना, की माल कसा लोण्यासारखा ओततो. सगळे खूश. इंजिनियर पण म्हणतो, वा, आज काय माल आहे! सात दिवसांनी त्याच मालाचा ठोकळा फोडतात, तेव्हा कळतंय, कच्चा. मला माल लय चांगला दिसला की मी आधी वाळूकडं बघतो."

मी डबा हातात धरून उभी राहिले. बाबा बोलत होते, पण मला तो फसफसणारा पांढरा गाळ दिसत होता. प्रवाळ. चुना. कॅल्शियम. आणि जिथे कॅल्शियम तिथे स्ट्रॉन्शियम, कारण दोघं वागायला सारखे. लॅबमध्ये पाहुणे आले की मीच त्यांना ऐटीत सांगते, म्हणून ते हाडात जाऊन बसतं. प्रवाळसुद्धा हाडंच तर बांधतो! समुद्रातलं साधं स्ट्रॉन्शियम तो आयुष्यभर आपल्या घराच्या भिंतीत चिणत बसलेला असतो. बॉम्ब फुटण्याच्या कितीतरी आधीपासून. माझ्या वीस मिलिग्रॅमच्या आधीच बाटलीत त्याचं साधं स्ट्रॉन्शियम होतं. शेवटी मी दोन्हींचं मिळून वजन केलं आणि म्हटलं, बघा माझा हात. खरी रिकव्हरी नेहमीसारखीच असणार, सत्तर-पंचाहत्तर. तिला सत्त्याण्णव धरलं की पुढचा हिशेब चुकतो, आणि चुकतो तो एकाच बाजूला. मी त्या बेटाच्या गाळात जे आहे त्यापेक्षा बरंच कमी लिहिणार होते.

"काय झालं गं? ऊन लागलं काय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी वाळू बघितलीच नाही."

"कसली वाळू?"

"माझी."

त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी शेगडी बंद केली आणि म्हणाले, "मग बघ की. अजून ओतलं नायस ना?"

ओतलं नव्हतं. रिपोर्ट पाच दिवसांनी जायचा होता. प्रश्न एवढाच की बघायला नमुना कुठे होता? सहाच्या सहा ग्रॅम मी वापरून बसले होते.

सोमवारी गाडीत मॅडम मेथीच्या भावाबद्दल बोलत होत्या आणि मी हं हं करत होते. लॅबमध्ये पोचल्याबरोबर कपाट उघडलं. तपकिरी बाटली तिथे होती. न धुतलेली, मॅडमच्या सवयीने. आत काचेला पांढरी पूड चिकटली होती, झाकणाच्या आट्यांत थोडी. मी प्लास्टिकच्या पातीने ती खरवडली, जशी आई पातेल्याची खरवड काढते तशी, एक कणही न सोडता. तराजूवर भरली एकशे ऐंशी मिलिग्रॅम. दोनशेसुद्धा नाही. किरणोत्सर्ग मोजायला ती कशालाच पुरली नसती. पण साधं स्ट्रॉन्शियम मोजायला धातू विभागात यंत्र आहे, त्याला तेवढी खूप झाली. ती विरघळवली, तिच्यात काहीही घातलं नाही, आणि यंत्राला दिली.

आयुष्यात पहिल्यांदा माझा अळणी शून्य आला नाही. दोन ग्रॅमच्या प्रत्येक वाट्यात प्रवाळाचं स्वतःचं जवळजवळ आठ मिलिग्रॅम होतं. वीस नव्हे, अठ्ठावीस. नव्याने भाग दिला. तिघांची रिकव्हरी एकोणसत्तर, एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर. एकशे तीनवाला वाटा बिघडलेला नव्हताच. तिघांत त्याचंच काम चांगलं झालं होतं, आणि मी त्यालाच बाहेर काढायला निघाले होते.

त्याच आठवड्यात इट्रियम वेगळं केलं, काउंटरवर लावलं. नव्या हिशेबाने तिन्ही आकडे एकमेकांना धरून आले. आधीच्या हिशेबापेक्षा चाळीस टक्के वर.

मी रिपोर्ट भरला आणि त्याच्यासोबत चूक नोंदवायचा फॉर्मही भरला. अळणी वाटा ठेवायचा होता, मी ठेवला नाही, उरलेल्या खरवडीवर नंतर केला, आणि म्हणून रिकव्हरी बदलली. मॅनेजरने वाचला आणि डोकं धरलं.

"अरे मॅडम, नंबर तो ठीक हो गया ना! फॉर्म क्यों? ऑडिटर पूछेगा, फिर मेरे को खाएगा."

"पूछेगा तो मैं बोलेगी. लिहिलं नाही तर पुढचा माणूस पण असंच करेगा."

"आप को साइन चाहिए कि नहीं चाहिए?"

"चाहिए. इसी के साथ चाहिए."

त्याने फॉर्मवर शिक्का मारला. "इन्शाल्ला," म्हणाला. वैतागला होता, पण आकडा लपव असं म्हणाला नाही, हे मी विसरणार नाही.

रिपोर्ट गेला त्या संध्याकाळी आम्ही गाडीत बसलो. पार्किंगमधून बाहेर पडल्यावर मॅडमनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "किती आला अळणी?"

मी सांगितलं.

"हं. मी सातच्या आसपास धरलं होतं."

मी ब्रेकच दाबला जवळजवळ. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"तुझी शहाण्णव टक्के बघितली त्या दिवसापासून. प्रवाळात शहाण्णव म्हणजे काय ते मला नाही कळणार?"

"आणि तुम्ही मला पंधरा दिवस मेथीचे भाव सांगत होतात?"

"मग काय सांगू? सही तुला हवी होती का माझी सावली हवी होती?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सोपं नव्हतं गं. रोज तोंडाशी यायचं. सूनबाई विचारायची, आई, जेवत का नाही. मी एवढं बोलले नसेन आयुष्यात भाजीबद्दल." बॉर्डर आली, गाड्या थांबल्या. "बाटली धुतली नव्हतीस, हे बघून आले होते मी कपाटात. तेवढ्यावर धीर धरला."

मी त्यांना तव्याची गोष्ट सांगितली, वाळू, शेगडी, सगळं. मॅडमनी तीनदा विचारून घेतलं, किती वाळू घेतात, किती वेळ भाजतात, थंड होऊ देतात का तोलायच्या आधी. "थंड होऊ देतात? मग बरोबर आहे," म्हणाल्या. "भेटायला हवं तुझ्या बाबांना." ते राहून गेलं. बारा दिवसांनी त्या गेल्या. एअरपोर्टवर माझ्या मुलीने त्यांना विचारलं, "आर यू कमिंग बॅक?" त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने बोलावलं तर. पण ती आता बोलावणार नाही, तिला येतं सगळं." आणि पांढरे बूट टकटक करत आत गेल्या, मागे न बघता.

निकाल दोन महिन्यांनी आला. स्वीकारार्ह. एकच शब्द, हिरव्या चौकटीत. जुन्या आकड्याने लाल चौकट आली असती, मी हिशेब करून बघितला. पुण्याला फोन लावला तर मॅडम आनंदाबिनंदाचं काही न बोलता म्हणाल्या, "चौकट राहू दे. त्यांचा आकडा आणि तुझा आकडा, दोन्ही वाच." मी वाचले. "हां. आता बरं वाटलं."

त्यानंतरच्या रविवारी मी बाबांना लॅबमध्ये घेऊन आले. आत जाता येत नाही, पण रिसेप्शनच्या भिंतीवर सही करणाऱ्यांची यादी फ्रेम करून लावलेली असते. बाबा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाळूच्या गाड्यांच्या चिठ्ठ्यांवरून येतात, आणि आडनाव त्यांच्या लेबर कार्डावर आहे. माहेरचंच मी लावते. यादीवरून बोट फिरवत ते त्या आडनावाशी थांबले. खिशातून कार्ड काढलं आणि एकेक अक्षर जुळवून बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं ते फळीला ओळंबा लावायचे. जुळलं. कार्ड परत खिशात ठेवलं.

"आणि तुझ्या मॅडमचं नाव कुठाय?"

"काढलं, बाबा. त्या गेल्या ना. नियम आहे."

"असं कसं?" त्यांना आवडलं नाही. "ज्यानं शिकवलं त्याचं नाव काढतात होय?"

मी काउंटरमागून आमच्या कामाच्या पद्धतीचा लॅमिनेट केलेला कागद आणला. मी नव्याने लिहून मंजूर करून घेतलेला. मॅनेजरने फक्त एका शब्दाला हरकत घेतली होती आणि मग, सगळे तेच म्हणतात तर राहू दे, म्हणून सोडून दिलं होतं. चौथ्या पायरीवर बोट ठेवलं. बाबांनी चष्मा वर केला आणि चिठ्ठी वाचतात तसं अक्षर अक्षर सुटं वाचलं.

"ए, एल, एन, आय." थोडा वेळ ओठ हलवले. "अलनी... अळणी?"

"अळणी."

"हे इंग्रजीत लिवलंयस?"

"हो. ही पायरी झाल्याशिवाय पुढे कुणाला जाताच येत नाही. मलाही नाही."

बाबा मोठ्याने हसले, रिसेप्शनवरची मुलगी वर बघायला लागली इतक्या मोठ्याने. मग कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी परत एकदा वाचलं, ए, एल, एन, आय, आणि तो मला न देता स्वतःच काउंटरवर नीट, सरळ ठेवला.